कृत्रिम प्राण्यावरील आळ

हलतीं चित्रें पाहण्याची आवड आपणांपैकीं कोणास नाहीं? दिवेलागणीच्या वेळीं पडद्यापुढें मांडी घालून बसलेलें मूल आईच्या दोन-तीन हांकांनींही जागचें हालत नाहीं, हा घरोघरचा अनुभव आहे. परंतु केवळ एक चित्रकथा पाहत असतां शेंकडों मुलांस रुग्णालयांत न्यावें लागलें, असें कोणीं सांगितल्यास तें खरें वाटणार नाहीं. तथापि तें घडलें आहे, आणि त्याचें कारण आपणांस समजून घेण्यासारखें आहे.

ही हकीकत जपानांतील. ‘खिशांतील राक्षस’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा संक्षेप होऊन ‘पोकेमॉन’ हें नांव बनलें. ह्या नांवाची चित्रमालिका तेथील दूरचित्रवाणीवर १९९७ च्या एप्रिल महिन्यांत सुरू झाली व पाहतां पाहतां मुलांच्या गळ्यांतील ताईत बनली. तिच्या अडतिसाव्या भागांत असें दाखविलें आहे कीं, पोकेमॉन प्राण्यांची ने-आण करणारें एक संगणकयंत्र बिघडतें, आणि कथानायक सातोशी, त्याचे सोबती व विजेचा झटका देणारा पिवळा पिकाचू ह्यांस यंत्राच्या आंत शिरावें लागतें. तेथें त्यांचें वाहन होतो पोरिगॉन. हा प्राणी रानावनांत जन्मलेला नव्हे. मनुष्यानें संगणकाच्या आज्ञावलींतून घडविलेला, कागदाच्या घडीच्या पक्ष्यासारखा कोनाकोनांचा, सर्वस्वी कृत्रिम. बाहेरील मंडळी यंत्रशुद्धीचा उपाय योजतात, आणि त्या उपायाचीं क्षेपणास्त्रें नेमकीं आपल्या नायकांवरच चालून येतात. तेव्हां पिकाचू विजेचा लोळ सोडून तीं उडवून देतो.

येथेंच घात झाला. तो दिवस १६ डिसेंबर १९९७, मंगळवार. सायंकाळीं साडेसहास कार्यक्रम सुरू होऊन सुमारें वीस मिनिटें लोटलीं होतीं. स्फोटाचा भास व्हावा म्हणून चित्रकारांनीं तांबडा व निळा रंग एका सेकंदांत सुमारें १२ वेळां, असा कांहीं सेकंद आलटून पालटून चमकविला. ही युक्ति त्यांस नवीन नव्हती. परंतु हिंवाळ्याचे दिवस, बाहेर केव्हांच काळोख पडलेला, खोल्या लहान, आणि मुलें पडद्यास जवळजवळ नाक लावून बसलेलीं! कोणास घेरी आली, कोणास ओकारी झाली, कोणाची दृष्टि अंधुक झाली, तर कोणी हातपाय झाडीत बेशुद्ध पडलीं. त्या रात्रीं ६८५ मुलांस रुग्णवाहिकांतून रुग्णालयांत नेण्यांत आलें. त्यांपैकीं बहुतेक लवकरच बरीं झालीं. दीडशेंहून अधिक मुलांस मात्र तेथें ठेवून घ्यावें लागलें. सुदैवानें एकही जीव दगावला नाहीं.

असें कां व्हावें? आपल्या मेंदूंत असंख्य मज्जापेशी असून त्या सूक्ष्म विद्युत्संदेशांनीं परस्परांशीं बोलत असतात. शिक्षक बाहेर गेलेल्या वर्गाची कल्पना करा. प्रत्येक जण कांहीं तरी निराळें बोलतो, म्हणून एकंदरींत नुसती गुणगुण ऐकूं येते. परंतु कोणीं ठेका धरला व सर्वांनीं त्याच ठेक्यावर बांकें बडविलीं तर भिंती हादरतील. लखलखणारा प्रकाश डोळ्यांवाटे मेंदूच्या मागील भागास असाच ठेका देतो. बहुतेकांचा मेंदू तो मानीत नाहीं; पण सुमारें चार-पांच हजारांत एखाद्याच्या पेशी त्या तालावर एकदम उसळतात, खळबळ पसरते आणि आंकडी येते. ह्यास प्रकाशसंवेदी अपस्मार म्हणतात. मुलांत व तरुणांत तो अधिक आढळतो, व तांबडा प्रकाश विशेष घातक ठरतो. पडदा जितका जवळ तितका तो अधिक दृष्टि व्यापतो. त्या सायंकाळीं खरोखर आंकडी आलेल्यांपैकीं पुष्कळांस आपल्या ठिकाणीं हा दोष आहे ह्याची तोंवर कल्पनाही नव्हती.

पुढील भाग तर अधिक विचार करण्यासारखा आहे. अनर्थ कसा झाला हें सांगतांना त्याच रात्रीं बातम्यांत तोच लखलखाट पुन्हां दाखविण्यांत आला, आणि आणखी मुलें आजारी पडलीं! दुसऱ्या दिवशीं शाळाशाळांतून ह्याचीच चर्चा. वर्तमानपत्रांत हीच वार्ता. मग डोकें दुखतें, मळमळतें अशा तक्रारी करणाऱ्या मुलांची संख्या हजारोंवर गेली. बेंजामिन रॅडफोर्ड व रॉबर्ट बार्थोलोम्यू ह्या संशोधकांनीं २००१ मध्यें असें मत मांडलें कीं, कांहीं थोड्यांस खरीखुरी आंकडी आली, परंतु बाकीच्या बहुतेकांचें दुखणें भीतीच्या सांथीचें होतें. ह्यावरून तीं मुलें ढोंग करीत होतीं असें मात्र कोणीं समजूं नये. परीक्षेच्या सकाळीं पोटांत उठणारा गोळा खोटा असतो काय?

मालिका चार महिने बंद राहून १६ एप्रिल १९९८ रोजीं पुन्हां सुरू झाली. तो भाग मात्र पुन्हां दाखविला गेला नाहीं. त्याच सुमारास जपानी प्रसारकांनीं नियम केले कीं, प्रकाश सेकंदास तीनांहून अधिक वेळां चमकवूं नये आणि तांबड्या रंगाविषयीं विशेष जपावें. इंग्लंडांत १९९३ मध्यें एका जाहिरातीमुळें असाच प्रकार घडल्यानें तेथें असे नियम आधींच झाले होते. जपानी चित्रकथांच्या आरंभीं ‘खोलींत उजेड ठेवा, पडद्यापासून दूर बसा’ अशी सूचना येऊं लागली, ती ह्या प्रसंगानंतरच.

पालकांस येथें दोन शब्द सांगणें अवश्य आहे. पडद्यावर लखलखाट सुरू झाल्यास मुलानें तळहातानें एक डोळा पूर्ण झांकून तोंड फिरवावें. डोळे नुसते मिटून भागत नाहीं, कारण पापण्यांतून प्रकाश आंत शिरतो. आंकडी आलीच तर आपल्याकडे वहाण किंवा कांदा हुंगविण्याची चाल आहे, ती अगदीं निरुपयोगी. मुलास कुशीवर वळवावें, जवळच्या टणक वस्तु दूर साराव्या, तोंडांत कांहींही घालूं नये, आणि पांच मिनिटांत आंकडी न थांबल्यास ताबडतोब वैद्यकीय मदत बोलवावी.

राहतां राहिला पोरिगॉन. चमकला होता पिकाचू. पण त्या भागाच्या नांवांत पोरिगॉन होता, म्हणून आळ त्याच्यावर आला. त्यानंतर मालिकेंत त्यास पुन्हां कधीं महत्त्वाचें काम मिळालें नाहीं. पिकाचूचें चित्र मात्र पुढें विमानांवरही झळकलें.