उजेड गेला म्हणून

सोलापूर

चि. मृण्मयीस,


पत्र मिळालं. लिहितेस, सुरुवातीला ध्यानाला बसून डोळे मिटले की निळसर उजेड दिसायचा, अंग हलकं व्हायचं, उगाच डोळे भरून यायचे. आता पायांना मुंग्या आणि डोक्यात ऑफिस, एवढंच उरलंय. ‘मामा, माझं ध्यान बिघडलं का?’ असं विचारतेस. मला विचारशील तर आता कुठे ते सुरू व्हायच्या बेतात आहे.

सदानंदांचा ‘वेदान्तसार’ हा छोटासा ग्रंथ मिळाला तर वाच. समाधीच्या वाटेवरची चार विघ्नं त्यात दिली आहेत. लय म्हणजे पेंग. विक्षेप म्हणजे तुझं ते ऑफिस. ही दोन्ही कुणालाही ओळखू येतात. कषाय मात्र फसवा. मन भटकत नाही, झोपतही नाही, पण आत मुरलेल्या आवडीनिवडींनी थिजून बसतं आणि आपण त्यालाच शांती समजतो. चौथा रसास्वाद. ध्यानात जे सुख वाटतं त्याची चव घेत तिथंच रेंगाळणं. सुखाला विघ्नांच्या यादीत बसवायचं धाडस आपल्या जुन्या लोकांनी केलं, याचं मला आजही कौतुक वाटतं. गौडपादांनीही मांडूक्यकारिकांमध्ये याबद्दल सावध केलं आहे. चवीची सवय लागलेला माणूस ती मिळेनाशी झाली की बैठकच गुंडाळतो. तू त्याच उंबरठ्यावर आहेस.

उजेड आला तेव्हा तुला कळलं, गेला तेव्हाही कळलं. मग हे ज्याला कळलं ते काही उजेडाबरोबर गेलं नाही ना? वेदान्ताचं सगळं लक्ष तिकडे आहे. शंकराचार्यांचा मुद्दा स्पष्ट आहे: आत्मज्ञान म्हणजे साधनेतून नवीन काही तयार होणं नव्हे, कारण जे तयार होतं ते नाशही पावतं. आत्मा आहेच, त्याबद्दलचं अज्ञान तेवढं जायला हवं, आणि ते जातं ज्ञानाने. मग रोज पाठ ताठ करून बसायचं कशाला, असं तू विचारशीलच. चित्त गढूळ आणि सैरभैर असेल तर ऐकलेलं आत उतरत नाही म्हणून. श्रवण, मनन आणि मग निदिध्यासन, म्हणजे त्याच अर्थावर मन स्थिरावणं, हा क्रम त्यासाठीच आहे. नुसतं बसत राहिलीस आणि उपनिषद, गीता काहीच वाचलं-ऐकलं नाहीस, तर मन निवांत होईल. पण ‘मी कोण’ हा प्रश्न जिथल्या तिथंच राहील.

पतंजलींनी अभ्यास पक्का होण्याच्या अटी सांगितल्या: तो दीर्घकाळ हवा, अखंड हवा आणि आदराने केलेला हवा. तुझ्या मोबाइलवरचं ध्यानाचं ॲप पहिल्या दोन मोजून देतं. तिसरी त्याला मोजता येत नाही, आणि माझ्या मते अडतं तिथंच. फोन मांडीशी ठेवून, घड्याळाकडे डोळा लावून बसणं म्हणजे घरी आलेल्या पाहुण्याला दारातच ताटकळत ठेवणं.

आपल्या या भागातलीच एक परंपरा सांगतो. उमदीच्या भाऊसाहेब महाराजांच्या इंचगिरी संप्रदायात नामाच्या दीर्घ ध्यानावर भर. त्यांचे शिष्य गुरुदेव रानडे, अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, तेही ध्यानाला बसणारे. दुसरे शिष्य सिद्धरामेश्वर महाराज. त्यांनी मुंगीच्या सावकाश, म्हणजे दीर्घ ध्यानाच्या, वाटेपेक्षा पक्ष्याची वाट, म्हणजे विचाराची वाट, पुढे आणली. हे ऐकून पुष्कळ जण लगेच पक्षी होतात आणि बसणं सोडतात! त्या सिद्धरामेश्वरांचे शिष्य निसर्गदत्त महाराज मुंबईत खेतवाडीत राहत आणि विडीचं दुकान चालवत. गुरूंनी सांगितलं, ‘मी आहे’ या जाणिवेला धरून राहा. त्यांनी ती तीनएक वर्षं, संसार आणि दुकान सांभाळून, खरोखर धरून ठेवली. पुढे १९३६ मध्ये गुरू गेल्यावर घर सोडून निघाले, उत्तरेकडे फिरले, आणि परत मुंबईलाच आले. तेव्हा नोकरी सोडून हिमालयात जाण्याचा जो विचार तू पत्राच्या शेवटी हळूच घातला आहेस, तो तूर्त बाजूला ठेव.

पहाटे जमेल तेवढंच बस, पण वेळ आणि जागा बदलू नकोस. काय दिसलं याची वही बंद कर. त्याऐवजी चिडचिड कमी झाली का, हे शेजारच्या टेबलावरच्या माणसाला कळतंय का ते बघ. आणि झोप उडाली, कारण नसताना भीती वाटू लागली, तर हट्टाने बसू नकोस. थांब आणि डॉक्टरांना दाखव. त्यात कमीपणा नाही.

दिवाळीला येशील तेव्हा विजापूरच्या गाडीने निंबाळला जाऊ, गुरुदेवांच्या आश्रमात. मुक्कामाची तयारी ठेव. ताईला सांग, गुडघ्यांचं तेल या आठवड्यात पाठवतो.

तुझा,
मामा