घरचा लॅपटॉप, कंपनीचा डेटा

प्रश्न : आमच्या अकाउंटिंग फर्ममधले निम्मे लोक घरून, स्वतःच्या लॅपटॉपवर काम करतात. व्हीपीएन घेतलं की पुरे ना?

उत्तर : नाही. व्हीपीएन रस्ता राखतं, घर नाही. 2022 मध्ये लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीतच चोरी झाली, तीही एका इंजिनिअरच्या घरच्या कॉम्प्युटरमार्गे. त्यावरच्या मीडिया सॉफ्टवेअरच्या फटीतून हल्लेखोर शिरले आणि मास्टर पासवर्ड टाइप होतानाच त्यांनी टिपला. तेव्हा आधी फर्मचे लॅपटॉप द्या. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, अपडेट चालू. लॉगिनला ओटीपीपेक्षा पासकी, म्हणजे फोन किंवा लॅपटॉपच्याच लॉकने होणारं लॉगिन, बरी. ओटीपी लोक फोनवर सांगून मोकळे होतात, शिकलेलेसुद्धा! क्लायंटची पॅन कार्डं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणं आजच थांबवा. आणि डेटा फुटलाच, तर लक्षात आल्यापासून 6 तासांत सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला कळवावं लागतं. ते कोण कळवणार, हे आत्ताच ठरवून ठेवा.