पाठ ७ : स्पष्ट बोलणे

उद्दिष्टे
हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• बोलणे अस्पष्ट होण्याची कारणे सांगता येतील;
• धोक्याची लक्षणे ओळखता येतील;
• स्पष्ट बोलण्याचा सराव करता येईल.

प्रास्ताविक
छत्तीसगडमधील मरोदा ही भिलई पोलाद कारखान्याच्या नगरातील एक वस्ती. १९५९ साली या कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. निरनिराळ्या प्रांतांतून माणसे भिलईत आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. यंत्रांच्या घरघरीत ‘सात’ हा आकडा ‘साठ’ असा ऐकू गेला, तर केवढा घोटाळा होईल!

कारणे
जीभ, ओठ, टाळू, जबडा आणि श्वास यांच्या मेळातून उच्चार घडतो. या सर्वांवर मेंदूचे नियंत्रण असते. थकवा, अपुरी झोप, घाई, कोरडे तोंड किंवा सैल कवळी यांमुळे शब्द अस्पष्ट होतात. मद्याने व गुंगी आणणाऱ्या औषधांनी जीभ जड होते. सुपारी व गुटखा यांच्या सवयीने तोंडाचे आतील अस्तर ताठर होते, तोंड पुरेसे उघडत नाही. पुढे कर्करोगही उद्भवू शकतो.

हिंदी वातावरणात वाढलेली व्यक्ती ‘ळ’ऐवजी ‘ल’ उच्चारते, तो मात्र आजार नव्हे. ‘वेळ–वेल’, ‘काळ–काल’ अशा जोड्या म्हटल्याने तो उच्चार साधतो.

धोक्याची सूचना
बोलणे एकाएकी बोबडे झाले, तोंड वाकडे झाले किंवा एका बाजूचा हात लुळा पडला, तर तो पक्षाघात असू शकतो. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते. थोड्या वेळाने बोलणे पूर्ववत झाले, तरी रुग्णालयात जाणे टाळू नये. तो पुढील झटक्याचा इशारा असू शकतो.

उपाय
१. रोज दहा मिनिटे मोठ्याने, सावकाश वाचन करावे.
२. अर्थ पाहून थांबावे. त्या वेळी श्वास घ्यावा.
३. शब्दाचे शेवटचे अक्षर गिळू नये.
४. आकडे व नावे दोनदा सांगावीत.
५. दोष वारंवार जाणवल्यास डॉक्टरांचा व वाचोपचारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

ऐकणाऱ्याचेही कर्तव्य आहे. अडखळणाऱ्याला हसू नये. त्याला वेळ द्यावा. धीर मिळाला की वाणीही मोकळी होते.

पाठगत प्रश्न
१. ‘ळ’ऐवजी ‘ल’ उच्चारणे हा आजार का नव्हे?
२. बोबडे झालेले बोलणे आपोआप सुधारले, तरी रुग्णालयात का जावे?