बुद्धिबळातील बचाव : काळ्या बाजूचा एक पाठ

शाळा सुलतानपूरची असो वा नागपूरची, काळी मोहरी वाट्याला आलेले मूल प्रथम हिरमुसते. कारण पहिली खेळी पांढऱ्याची. बचाव म्हणजे भित्रेपणा नव्हे, हे त्यास पटवून देणे हा या पाठाचा हेतू होय.

पांढरा वजिरापुढील प्यादे दोन घरे पुढे सारतो. काळाही तसेच करतो. मग पांढरा वजिराकडील उंटापुढचे प्यादे दोन घरे चालवून ते फुकट देऊ करतो. ते घेतल्यास काळ्याचे मधले प्यादे बाजूस ओढले जाते. म्हणून काळा ते न घेता राजापुढील प्यादे एक घर सरकवून मधल्या प्याद्यास आधार देतो. हाच ‘क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड’ नावाचा बचाव. १९२७ साली कापाब्लांका व अलेखाइन यांच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात ३४ पैकी ३२ डाव याच बचावाचे झाले.

यात उणीवही आहे. वजिराकडील उंट स्वतःच्याच प्याद्यामागे कोंडला जातो. त्यास पुढे वाट करून देणे, हे काळ्याचे खरे काम.

आता पुढील खेळ्या पटावर मांडून दाखवाव्यात. पांढरा वजिराकडील घोडा व काळा राजाकडील घोडा आपापल्या उंटापुढे आणतो. पांढऱ्याचा उंट त्या काळ्या घोड्यास वजिरासमोर जखडतो. काळा दुसरा घोडा वजिरापुढील घरात ठेवतो. मध्ये प्याद्यांची मारामारी होते. पांढऱ्यास वाटते, जखडलेला घोडा हलणार नाही. म्हणून तो घोड्याने मधले प्यादे मारतो. परंतु काळा त्याच घोड्याने तो घोडा मारतो! पांढरा उंटाने वजीर घेतो, तोच काळ्याच्या राजाकडील उंटाचा शह बसतो. मध्ये वजीर घालण्यावाचून पांढऱ्यास गत्यंतर नाही. उंट वजीर मारतो, पांढरा राजा त्या उंटास व काळा राजा पांढऱ्या उंटास मारतो. शेवटी एका प्याद्याच्या बदल्यात काळ्यास घोडा लाभतो.

या खेळ्या पाठ करून घेऊ नयेत. पांढऱ्याने लोभ न धरल्यास सापळा निष्फळ ठरतो. आधाराचा विचार मात्र प्रत्येक डावात उपयोगी पडतो. प्रत्येक खेळीनंतर शिक्षकांनी विचारावे : या मोहऱ्यास आधार कोणाचा? जखडलेले मोहरे केव्हा सुटते?

२०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुख हिने महिलांचा विश्वचषक जिंकला, तो विदर्भातील मुलांना अवश्य सांगावा. पट, मोहरी आणि प्रश्न विचारणारा शिक्षक एवढ्यावर आरंभ होऊ शकतो.