दोन घाटांची सफर

सलग तीन दिवस सुट्टी आली की घरोघरी एकच प्रश्न निघतो : जायचे कुठे? मुंबई-ठाण्याकडची बहुतेक माणसे समुद्राचा रस्ता धरतात. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन ही नावे तुम्ही ऐकली असतील. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला झाडीने भरलेले डोंगर असा तो रस्ता आहे आणि तो सुंदरच आहे. पण या पाठात आपण समुद्राकडे पाठ फिरवणार आहोत. आपल्याला एका घाटाने सह्याद्री चढायचा आहे आणि दुसऱ्या घाटाने उतरायचा आहे. चढायचा तो कसारा घाट, उतरायचा तो माळशेज घाट. पहिल्याचा पायथा शहापूर तालुक्यात, दुसऱ्याचा मुरबाड तालुक्यात. दोन्ही तालुके ठाणे जिल्ह्यातलेच.

'घाट' हा शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दूत घाट म्हटले की नदीचा काठ डोळ्यांपुढे येतो. मराठीत नदीलाही घाट असतो, पण डोंगर चढणाऱ्या वळणावळणाच्या रस्त्यालाही घाटच म्हणतात. 'सफर' हा शब्द तर दोन्ही भाषांनी वाटून घेतला आहे. फरक एवढाच, की उर्दूत तो पुल्लिंगी आहे आणि मराठीत 'ती सफर'. परीक्षेत इथेच गुण जातात, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

समजा, शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपून तुम्ही भिवंडीहून निघालात. पडघा मागे पडले की डाव्या हाताला एक लांबलचक डोंगर दिसू लागतो. त्याच्या माथ्यावर दगडाचे सुळके उभे आहेत. हा माहुलीचा किल्ला. अहमदनगरची निजामशाही वाचवण्यासाठी शहाजीराजांनी १६३६ साली याच किल्ल्यावर शेवटची झुंज दिली. समोर मोगल आणि विजापूरची आदिलशाही अशा दोन फौजा होत्या. शेवटी त्यांना तह करावा लागला आणि निजामशाही संपली.

आसनगाव, शहापूर, आटगाव, खर्डी अशी गावे एकामागून एक येतात. रस्त्यावरून दिसत नाही, पण या पट्ट्यात दोन्ही बाजूंना पाणी आहे. डावीकडे आत तानसा तलाव आणि मोडकसागर, उजवीकडे भातसा धरण. तानसा १८९२ सालचे, मोडकसागर १९५७ सालचे. २०१४ साली मध्य वैतरणा धरणही वापरात आले. मुंबईला रोज जवळजवळ ४०० कोटी लिटर पाणी लागते आणि त्यातले निम्म्याच्या आसपास एकट्या भातसातून येते. मुंबईत नळ सोडला की हातात येणारे पाणी बहुधा याच डोंगरांवर पडलेले असते.

तलावाभोवतालचे जंगल तोडता येत नाही, म्हणून तानसाची झाडी टिकली. साग, ऐन, खैर, मोह, पळस ही इथली झाडे. रानपिंगळा नावाचे एक छोटे घुबड आहे. ते जगातून नाहीसे झाले असे शंभरहून अधिक वर्षे मानले जात होते. १९९७ साली ते उत्तर महाराष्ट्रात शहादा भागात पुन्हा सापडले आणि २०१४ साली ते तानसाच्या जंगलातही दिसले. मुंबईपासून इतक्या जवळ ते राहत असेल, असे कोणाच्या मनातही आले नव्हते.

आता कसारा. मुंबईची लोकल गाडी या बाजूला इथवरच येते. पुढे लांब पल्ल्याच्या गाड्या घाट चढतात. हा लोहमार्ग १८६५ साली सुरू झाला. त्याचा चढ काही ठिकाणी ३७ मीटरला १ मीटर इतका आहे. ऐकायला हा चढ फारसा वाटत नाही, पण लोखंडी रुळांवर लोखंडी चाके घसरतात. म्हणून कसाऱ्याला अनेक गाड्यांच्या मागे जादा इंजिने जोडतात. पुढचे इंजिन ओढते, मागची ढकलतात. त्यांना 'बँकर' म्हणतात. गाडी वर इगतपुरीला पोहोचली की त्यांचे काम संपते.

मोटारीचा रस्ताही असाच वळणे घेत चढतो. २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. त्यावरचा जवळजवळ ८ किलोमीटरचा बोगदा घाट टाळून थोड्या मिनिटांत वर नेतो. ज्याला घाई आहे त्याने तिकडून जावे. आपण सुट्टीवर आहोत. बोगद्यात पाहायचे काय? गाडी चालवणाऱ्या वडीलधाऱ्यांना मात्र ट्रकवाल्यांचा एक जुना नियम सांगून ठेवा : ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा. आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची.

या घाटातून एकदा श्रावणात जावे आणि एकदा वैशाखात. दोन्ही वेळा गेल्याशिवाय हा मुलूख कळत नाही. श्रावणात कड्याकड्यावरून धबधबे कोसळतात, ढग रस्त्यावर उतरतात, खाचरांत भात डोलतो. शहापूर तालुक्यात वर्षाला २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. वैशाखात तोच डोंगर करडा होतो. सागाची पाने गळून जातात. डोक्यावर हंड्यावर हंडा ठेवून बाया आणि तुमच्या वयाच्या मुली रस्त्याच्या कडेने चाललेल्या दिसतात. मार्च-एप्रिल आला की तालुक्यातल्या कितीतरी गावपाड्यांना टँकरने पाणी द्यावे लागते. टँकर आला की ते पाणी विहिरीत ओततात आणि विहिरीभोवती गर्दी होते.

एवढा पाऊस, इतकी धरणे, मग तहान कशी? याचे उत्तर जमिनीत आहे आणि काही माणसांच्या हिशेबातही आहे. सह्याद्री काळ्या कातळाचा. वर मातीचा थर पातळ आणि उतार तीव्र. पाणी मुरायला वेळच मिळत नाही. चार महिन्यांत ते धावत खाली जाते. धरणे खोलगट जागी आहेत आणि पाडे उंचावर. पाणी वर चढवायचे तर पंप हवा, वीज हवी, नळ हवेत. शहरासाठी शंभर किलोमीटर लांब नळ टाकणे जमले. शेजारच्या पाड्यासाठी ते लवकर जमले नाही. आता इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणाचे पाणी उताराने खाली आणून शहापूरच्या गावांना देण्याची योजना शासनाने हाती घेतली आहे. पाणी वरून येणार, म्हणजे पंपाचा खर्च वाचणार. हा विचार मला फार चांगला वाटतो. तो इतक्या उशिरा का सुचला, हे विचारायला हरकत नाही.

घाटमाथ्यावर इगतपुरी लागते. इथे पाऊस दोन दिशांना वाटला जातो. कड्याच्या पश्चिमेला पडलेले पाणी अरबी समुद्राला मिळते. पूर्वेला पडलेले दारणा नदीतून गोदावरीत जाते आणि सगळा देश ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळते. दोन थेंबांत पडताना हातभर अंतर असेल, नंतर हजार किलोमीटरांचे!

घोटीला उजवीकडे वळले की कळसूबाईचे शिखर दिसू लागते. उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रात सर्वांत जास्त. पायथ्याच्या गावाचे नाव बारी. उर्दूत 'बारी' म्हणजे पाळी. इकडच्या मराठीत बारी म्हणजे डोंगरातली खिंड. पुढे शेंडी गावाजवळ भंडारदऱ्याचे धरण आहे. प्रवरा नदीवरचे हे दगडी धरण १९२६ साली पुरे झाले. पहिला मुक्काम इथेच करावा आणि शनिवारचा सगळा दिवस इथे घालवावा. पाण्याकाठच्या रस्त्याने रतनवाडीला जावे. तिथले अमृतेश्वराचे दगडी मंदिर पाहावे आणि नुसते चालावे. त्याबद्दल अधिक लिहीत नाही. ते पाहण्याचे आहे.

रविवारी सकाळी राजूर, कोतूळ, ब्राह्मणवाडा करत ओतूरला या आणि पश्चिमेकडे वळा. पिंपळगाव जोग्याच्या जलाशयाला वळसा घातला की एकाएकी जमीन संपते. समोर हवा आणि खाली कोकण! हा माळशेज घाट. पावसाळ्यात इथे दरडी कोसळतात. म्हणून धबधब्याखाली उभे राहू नये आणि पोलिसांनी रस्ता अडवला असेल तर हुज्जत न घालता परत फिरावे.

या घाटातला एक खरा प्रवासी मला फार आवडतो. २००९ साली अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वर येथे एक बिबट्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढले. अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या गळ्यात एक पट्टा बांधला. तो कुठे आहे हे त्या पट्ट्यावरून उपग्रहाद्वारे कळे. बिबट्या वयस्क होता, म्हणून त्याचे नाव पडले 'आजोबा'. त्याला माळशेज घाटात सोडले. सर्वांना वाटले, तो इथेच राहील. पण आजोबा चालू लागला. तुम्ही ज्या डोंगररांगेला वळसा घातलात, तिच्यातूनच तो कसाऱ्याला आला, रूळ आणि महामार्ग ओलांडून गेला, पुढे कारखान्यांजवळून वाट काढत वसईच्या खाडीपर्यंत पोहोचला आणि पोहून पलीकडे मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात शिरला. महिन्याभराच्या आत सुमारे १२० किलोमीटर! वाटेत त्याने एकाही माणसाला दुखवले नाही. बहुतेकांना तो आपल्या गावावरून गेला हे कळलेही नाही. २०११ साली मुंबई-अहमदाबाद महामार्गावर एका वाहनाने त्याला ठोकरले आणि तो मेला. त्याच्यावर २०१४ साली 'आजोबा' याच नावाचा मराठी चित्रपट निघाला.

घाट उतरलात की उजव्या अंगाच्या डोंगरांकडे पाहा. आजोबा त्यांतून कसाऱ्याकडे गेला. डाव्या अंगाला नाणेघाट आहे. सुमारे २००० वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळी, कल्याणच्या बंदरातला माल बैलांच्या पाठीवर लादून याच वाटेने जुन्नरला चढत असे. माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीचे पैसे त्यात टाकत असत, असे सांगतात. म्हणजे या डोंगरात टोलनाकाही जुनाच आहे.

पुढे टोकावडे आणि मग सरळगाव. इथे रस्त्याला दोन फाटे फुटतात. सरळ गेलात तर मुरबाडवरून कल्याण, उजवीकडे वळलात तर किन्हवलीवरून पुन्हा शहापूर. उन्हाळ्यात आलात तर या रस्त्यांच्या कडेला ठाकर-कातकरी बाया पानांच्या द्रोणांत करवंदे-जांभळे घेऊन बसलेल्या असतील. एक द्रोण घ्या. घासाघीस करू नका. काटेरी जाळीतून एकेक फळ तोडायला त्यांची सकाळ गेलेली असते. आणि त्यांना विचारा, 'मावशी, तुमचा पाडा कुठला? पाणी कुठून आणता?' त्या हात करून दाखवतील. त्या हाताच्या दिशेने नीट पाहा.

शब्दार्थ : कातळ – कठीण काळा खडक, चट्टान, खाचर – भाताचे शेत, पाडा – रानातली छोटी वस्ती, दरड – डोंगराचा सुटलेला भाग, हुज्जत – वाद (उर्दूतही हाच शब्द), द्रोण – पानांचा दोना, घासाघीस – मोलभाव.

स्वाध्याय
१. कसाऱ्याला गाड्यांच्या मागे जादा इंजिने का जोडतात?
२. भरपूर पाऊस पडूनही शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात पाणीटंचाई का होते? चार-पाच वाक्यांत लिहा.
३. 'सफर'प्रमाणे उर्दूत व मराठीत लिंग बदलणारे आणखी तीन शब्द शोधा.
४. ठाणे जिल्ह्याच्या नकाशात कसारा, शहापूर, सरळगाव व मुरबाड दाखवा.
५. तुमच्या घरी पाणी कोठून येते ते मोठ्यांना विचारा व वर्गात सांगा.