न्यूनभाव जन्मजात नसतो

माणसाचे मन बालपणीच घडते आणि पुढे त्यात फारसा बदल होत नाही, अशी समजूत पुष्कळदा आढळते. मनोविश्लेषक एरिक एरिक्सन यांनी १९५० साली प्रसिद्ध झालेल्या ‘चाइल्डहूड अँड सोसायटी’ या ग्रंथात निराळा विचार मांडला. जन्मापासून वार्धक्यापर्यंत मनाच्या विकासाचे त्यांनी आठ टप्पे सांगितले. प्रत्येक टप्प्यावर दोन विरोधी वृत्तींचा संघर्ष असतो. तो कसा सुटतो यावर पुढील वाटचाल अवलंबून असते; मात्र आधी राहून गेलेले पुढे काही अंशी भरून काढता येते.

तान्ह्या बाळाला वेळेवर दूध आणि ऊब मिळाली की त्याचा जगावर विश्वास बसतो. पुढे ते स्वतःच्या पायांवर चालते, खेळात पुढाकार घेते. सतत धाक बसला तर त्याच्या मनात लज्जा व अपराधभाव घर करतात. हे पहिले तीन टप्पे बहुतांशी घरातच पार पडतात.

चौथा टप्पा शाळेचा, साधारण सहा ते बारा वर्षांचा. वाचन, गणित, खेळ, बागकाम यांत मूल काहीतरी करून दाखवू पाहते. ते साधले तर कर्तृत्वाची जाणीव येते. वारंवार हिणवले गेले तर न्यूनभाव रुजतो. आपली योग्यता शिकण्याच्या इच्छेवर नव्हे, तर कातडीच्या रंगावर किंवा आईवडिलांच्या पार्श्वभूमीवर ठरते असे मुलाला वाटू लागले, तर त्याच्या व्यक्तित्वाला कायमची इजा पोहोचू शकते, असा इशारा एरिक्सन यांनी दिला आहे.

आपल्या समाजाला हे ग्रंथातून शिकावे लागले नाही. बालपणी वर्गात वेगळ्या गोणपाटावर बसावे लागलेल्या बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या द्वारे १९२५ साली सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. निवासी शाळेचे मर्म येथेच आहे. ती केवळ भोजन व निवास देत नाही. कोणाचाही जन्म न विचारता ‘तुला हे जमेल’ असे म्हणणारा परिसर देते.

बारा वर्षांनंतर ‘मी कोण?’ हा प्रश्न उभा राहतो. तारुण्यात आत्मीय नात्यांची, मध्यम वयात पुढील पिढीच्या संगोपनाची ओढ लागते. ती ओढ दडपली की जीवन साचते. वार्धक्यात गतायुष्याचा समाधानाने स्वीकार करणे, हा अखेरचा टप्पा.

तथागतांचा प्रतीत्यसमुत्पाद सांगतो की जे उत्पन्न होते ते कारणांमुळे, आणि कारणे नाहीशी झाली की तेही निरुद्ध होते. न्यूनभावही असाच कारणांनी उपजतो. म्हणूनच तो दूर करता येतो. पालकांनी गुणपत्रिकेवरून पाल्याची इतरांशी तुलना करण्याऐवजी त्याने स्वतः केलेले काम पाहावे. माजी विद्यार्थ्यांनी देणगीबरोबरच सुटीतील एखादा दिवस द्यावा, वसतिगृहातील मुलांना आपले कौशल्य शिकवावे. त्यात मुलांचा चौथा टप्पा आणि आपला सातवा, दोन्ही एकाच वेळी सावरले जातील, असे आम्हांस वाटते.