हेड खोलण्याआधी

“हेड तर आधीच गेलेलं होतं तुमचं, भाऊ. मी फक्त खोललं.”

हे वाक्य मिस्त्री माझ्याच अंगणात, माझ्याच खाटेवर बसून, माझ्या घरचा चहा पीत बोलला. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण जास्त टोचतं ते हे वाक्य. ज्याच्या हातून वस्तू बिघडली त्यानेच ती आधीपासून बिघडलेली होती असं शांतपणे सांगायचं आणि मालकाने मान डोलवायची, ही आपल्याकडची रीतच झाली आहे. मी मान डोलवली नाही. म्हणून हे लिहितो आहे.

गाडी मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, ॲल्युमिनियमचं हेड. मे महिन्यात चंद्रपूरहून मूलकडे येताना अजयपूर ओलांडलं आणि काटा लालमध्ये गेला. मी तिथल्या तिथे इंजिन बंद केलं. तो पट्टा जंगलाचा, वाघाचा, दुपारी चिटपाखरू नसतं, तरीही एक किलोमीटरसुद्धा पुढे रेटली नाही. एका पिकअपला दोर बांधून गाडी घरी आणली. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे मिस्त्र्याने गावभर सांगितलं की मी गाडी तापलेली असतानाच मूलपर्यंत चालवत आणली.

घरी इंजिन खोलणं चूक आहे असं मला म्हणायचं नाही. शहरातल्या माणसाला ते विचित्र वाटेल. पण एटापल्ली, भामरागड, सिरोंच्याच्या माणसाला विचारा. तिथून गाडी ओढत चंद्रपूरला नेण्याचं भाडं जुन्या गाडीच्या किमतीला भिडतं. आंब्याखाली, गोठ्याच्या पडवीत इंजिनं खोलली गेली आहेत आणि ती वर्षानुवर्षं नीट चाललीही आहेत. इथे प्रश्न जागेचा नसतो, हाताचा आणि धीराचा असतो.

मिस्त्री दुपारी आला. आल्याबरोबर त्याने गाडी चालू केली. “पाहू तर द्या काय होते ते.” काटा वर चढेपर्यंत इंजिन चालू ठेवलं, रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले, म्हणाला हेड गॅस्केट गेली. इथपर्यंत माझी तक्रार नाही. बुडबुडे ही खूण खरीच आहे. सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर, पाणी कमी होणं पण कुठे गळताना न दिसणं, ऑइल दुधाळ होणं, याही खुणा आहेत. मात्र पावसाळ्यात थोडंथोडं अंतर चालणाऱ्या गाडीच्या ऑइलच्या झाकणाखाली साय धरते, ती नुसत्या दमटपणाचीही असू शकते. तेवढ्यावरून कोणी हेड खोलायला निघाला तर त्याला थांबवा आणि आधी कॉम्प्रेशन तपासायला सांगा.

खरी गोष्ट त्यानंतरची. त्याने इंजिन बंद केलं आणि लगेच गोटीपाना काढला. मी म्हणालो, “रात्रभर थंड होऊ द्या, सकाळी खोला.” तो म्हणाला, “सकाळी मला गडचिरोलीला दुसरं काम आहे. अन् ह्या उन्हात काय थंड होणार हाय ते?” मी पुन्हा म्हणालो. त्याच्या हाताखालचं पोरगं हसलं. माझ्या गाडीबद्दल मीच बोलतो आहे आणि मलाच हसतात!

गरम इंजिनाचं हेड का खोलू नये, हे समजायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. उष्णतेने ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. बहुतेक जुन्या गाड्यांत ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं असतं. तापलेलं हेड बोल्टांनी चहूबाजूंनी दाबून धरलेलं असतं. ते तसंच थंड होऊ दिलं तर सरळ राहण्याची आशा असते. तापलेलं असताना एका टोकाचे बोल्ट सोडले, दुसऱ्या टोकाचे आवळलेलेच ठेवले, की त्याला मोकळ्या बाजूने वाकायला वाट मिळते. म्हणून इंजिन पूर्ण थंड करायचं, हात लावून गार लागलं तरी रात्रभर ठेवायचं. बोल्ट बाहेरच्या टोकांपासून आतल्या दिशेने, आलटून पालटून सोडायचे. पहिल्या फेरीत प्रत्येक बोल्ट जेमतेम पाव आटा. मग दुसरी फेरी, तिसरी फेरी. माझ्या मिस्त्र्याने एका बाजूने सुरुवात केली आणि ओळीने एकेक बोल्ट पूर्ण काढत गेला. मी मोबाइलवर फोटो काढत होतो म्हणून हे आज ठामपणे सांगू शकतो.

ब्लॉकमधलं पाणी त्याने काढलंच नव्हतं. नुसता रेडिएटर रिकामा केला होता. हेड हललं तसं उरलेलं पाणी सिलिंडरमध्ये आणि बोल्टांच्या भोकांत गेलं. ते त्याने कळकट फडक्याने वरवर पुसलं. बोल्टाच्या भोकात राहिलेलं पाणी किंवा ऑइल ही साधी गोष्ट नव्हे. बंद बुडाच्या भोकात बोल्ट आवळताना त्या पाण्याला जायला जागा नसते. टॉर्क पाना “झालं” असं सांगतो आणि हेड मात्र पुरतं दाबलेलं नसतं. कधीकधी ब्लॉकलाच तडा जातो. प्रत्येक भोक फडक्याने, मग हवेने कोरडं करा. हवा मारताना डोळ्यांवर चष्मा असू द्या, आतलं सगळं तोंडावर उडतं.

हेड चिकटून बसलं होतं. बसतंच. जुनी गॅस्केट दोन्ही बाजूंना धरते. अशा वेळी लाकडी हातोड्याने बाजूच्या जाड भागावर हलके ठोके द्यायचे, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड जोडलेलाच असेल तर त्याला धरून हलवायचं, आणि त्याआधी सगळे बोल्ट खरोखर निघाले का ते पुन्हा मोजायचं. मिस्त्र्याने पेचकस घेतला, हेड आणि ब्लॉकच्या मधल्या फटीत घातला आणि वरून हातोडा मारला. आवाज झाला. मी “अहो!” म्हणून ओरडलो. तो म्हणाला, “घाबरू नका, आमचं रोजचं हाय.”

मग ते हेड त्याने उपडं, सिमेंटच्या ओट्यावर ठेवलं. कॅमशाफ्ट हेडमध्येच असतो, त्यामुळे कुठला ना कुठला व्हॉल्व्ह उघडा राहून तोंडाच्या पातळीखाली आलेला असतो. हेड त्यावर टेकलं तर तो वाकू शकतो. दोन लाकडी ठोकळे ठेवून त्यावर हेड ठेवायला काय लागतं? अंगणात सरपण पडलेलं होतं.

हेड घेऊन चंद्रपूरला लेथवाल्याकडे मी एकटाच गेलो, कारण मिस्त्र्याला “वेळ नव्हता”. लेथवाल्याने आधी काहीच विचारलं नाही. हेड रॉकेलने धुतलं, तोंडावर सरळ पट्टी आडवी, उभी, तिरपी ठेवली आणि तिच्याखाली फिलर गेजची पाती सरकवून पाहिली. लहान पेट्रोल इंजिनांना साधारण ०.०५ मिलिमीटरपर्यंतचा वाक चालतो, माणसाच्या केसाइतकाही नव्हे. त्याने कितीतरी जाड पाती घातली आणि ती सहज आत गेली. मग त्याने हेड उजेडाकडे वळवलं, तिसऱ्या सिलिंडरच्या कडेला बोट ठेवलं आणि विचारलं, “पेचकस कोणी घातला?”

तिथे एक खोल चर होती. पांढरी, चकचकीत.

मी म्हणालो, मिस्त्री म्हणतो हेड आधीच खराब होतं. तो हसला नाही, चिडलाही नाही. नुसतं दाखवलं. बाकी सगळं तोंड काळपट, गॅस्केटचे डाग धरलेलं. आणि ती चर आतून ताज्या धातूसारखी उजळ. जुनी असती तर तिच्यात काजळी, गंज, गॅस्केटचा थर बसला असता. वाक कशामुळे आला यावर वाद घालता येईल. तापल्यानेही हेड वाकतं, हे त्यानेही सांगितलं. चर कशामुळे पडली यावर वाद नाही. मी तिथेच तिचा फोटो काढला. हातपाय गार पडले होते. इतके दिवस मला वाटत होतं, कदाचित मिस्त्रीच खरं बोलत असेल.

त्या चरीपायी हेड जास्त घासावं लागलं. नुसता वाक काढायचा असता तर कमीत भागलं असतं. हेड जितकं घासाल तितकी ज्वलनाची जागा लहान होते, कॉम्प्रेशन वाढतं, पेट्रोल ठोके मारू शकतं. घासण्याला मर्यादा असते आणि माझ्या हेडची ती संपली. पुढच्या वेळी हे हेड भंगारात जाईल. मिस्त्र्याला फोन केला तर उत्तर आलं, “लेथवाले असंच सांगतात, त्यांचा धंदा हाय तो.”

आता ज्यांना घरी खोलायचं आहे किंवा खोलून घ्यायचं आहे त्यांच्यासाठी, सुचेल तसं लिहितो.

बॅटरीची वायर आधी काढा. पहिल्या सिलिंडरची टायमिंगची खूण जुळवून ठेवा आणि पट्टा काढण्याआधी पुलीवर, पट्ट्यावर पांढऱ्या रंगाची खूण करा. पट्टा जुना असेल तर नवाच टाका. प्रत्येक नळी, प्रत्येक वायर सुटण्याआधी फोटो. पुठ्ठ्यावर हेडचा आकार काढून त्यात भोकं पाडा आणि जो बोल्ट जिथला तिथेच खोचून ठेवा. हेडचे बोल्ट परत वापरायचे की नवे घालायचे, किती टॉर्कला आवळायचे, हे त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं. मिस्त्र्याच्या दंडाच्या अंदाजावर सोडू नका. आवळताना क्रम उलटा: मधून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत.

जुनी गॅस्केट खरवडताना ती ओली करा आणि नाकातोंडाला बारीक धूळ अडवणारा मास्क लावा. जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, त्याची धूळ फुप्फुसात बसते. खरवडायला लाकडाची किंवा प्लास्टिकची पट्टी घ्या. ग्राइंडरला पॉलिश पेपर लावून तोंड “चकाचक” करणारे मिस्त्री असतात. त्यांना हात जोडून थांबवा. ती वाळूसारखी भुकटी ऑइलमध्ये गेली की बेअरिंगं खाते. सिलिंडरची तोंडं स्वच्छ कापडाने बंद ठेवा. चंद्रपूर, दुर्गापूर, बल्लारपूरकडे राहत असाल तर अंगणात कोळशाची धूळ किती बसते ते मी सांगायला नको.

काढलेलं कूलंट घमेल्यात उघडं ठेवू नका. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं. कुत्रं पितं, वासरू पितं. पोरंबाळं असतील तर आणखीच सांभाळा.

आणि हेडच्या नादात मूळ कारण विसरू नका. माझ्या मिस्त्र्याने इंजिन तापलं कशाने, हे एकदाही पाहिलं नाही. उलट थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह काढून फेकला. “आपल्याकडं गर्मीत त्याची गरजच नाही.” गरज असते. त्याच्याविना इंजिन वेळेवर योग्य तापमानाला येत नाही, पेट्रोल जास्त खातं, झिजतं. आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटेही असतात. रेडिएटर मीच काढून नेला. आत बोअरच्या पाण्याचा पांढरा थर साचून अर्ध्याहून जास्त नळ्या बुजल्या होत्या. ही गाडी मी घेतली तेव्हापासून कूलंटच घालत आलो, म्हणजे हा थर आधीच्या मालकाच्या काळातला. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड आहे, भांड्यांवर दिसतं तेच आत बसतं. बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, याशिवाय काही घालू नका. रेडिएटर तसाच ठेवून नवी गॅस्केट बसवली असती तर पुढच्या मे महिन्यात पुन्हा तेच झालं असतं, आणि पुन्हा तेच ऐकावं लागलं असतं.

ओळखीचा आहे म्हणून विश्वास ठेवू नका. घाई करणाऱ्याला काम देऊ नका. हे सगळ्यांनाच माहीत असतं, तरी लिहितो.

पावतीचं मात्र नीट ऐका. मी पैसे देताना पावती मागितली. तो म्हणाला, “आपल्या गावात कोण पावती देते?” ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वस्तू किंवा सेवेचं बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते, दोन वर्षांच्या आत. चंद्रपूरलाही आयोग आहे, गडचिरोलीलाही. वकील सक्तीचा नाही. काम सुरू होण्याआधीच काय खोलणार, किती घेणार, हे साध्या कागदावर लिहून सही घ्या. जो सही द्यायला का-कू करतो त्याला गाडीचं बॉनेटसुद्धा उघडू देऊ नका. माझ्याकडे फोटो आहेत, लेथवाल्याची पावती आहे, त्यावर त्याने स्वतःच्या हाताने “तोंडावर ताजी चर” असं लिहून दिलं आहे. मिस्त्र्याला लेखी पत्र पाठवलं आहे. उत्तर आलं नाही तर अर्ज तयार आहे.